माळ्यावरून माळावर

मराठीच्या प्राध्यापकाने काय करावे याविषयी आपल्या समाजाच्या कल्पना फार स्पष्ट आहेत. त्याने गणेशोत्सवात व्याख्यान द्यावे, शेजारच्या मुंजीच्या पत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासावे, कोणी वारले तर शोकसभेत दोन शब्द बोलावे आणि त्या दोनाचे दोन हजार झाले तरी मंडळींनी ते मान खाली घालून ऐकावे. त्याने घरातला फ्यूज बदलावा अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. मी तर या सदरातून माझ्या यंत्रविषयक अज्ञानाचे इतके पोवाडे गायले आहेत की, मी विमान बांधायला घेतले आहे ही बातमी फुटली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आधी हशा पिकला, आणि मग 'सरांची प्रकृती बरी आहे ना?' अशी चौकशी सुरू झाली.

विमान खरेच बांधले, आणि तेही उडणारे. त्यात माणूस बसत नाही, हे खरे. पंखांचा विस्तार चार फूट, वजन सगळे मिळून साडेआठशे ग्रॅम. आपण जमिनीवर उभे राहायचे, हातात ट्रान्समीटर नावाची पेटी धरायची आणि तिच्यावरच्या दोन काड्या अंगठ्यांनी हलवून आकाशातल्या विमानाला वळवायचे, चढवायचे, उतरवायचे. हे सगळे माझ्या वाट्याला कसे आले ते सांगायचे तर गेल्या दिवाळीच्या साफसफाईपासून सुरुवात केली पाहिजे.

दिवाळीच्या आधी आमच्याकडे माळा काढण्याचा एक दिवस असतो. सौ. खाली उभी राहून आज्ञा देते आणि मी वर अंग चोरून बसून त्या पाळतो. पितळी पातेली, मोडका पाळणा, एका जुन्या आकाशकंदिलाचा बांबूचा सांगाडा, 'उपयोगी पडतील' म्हणून ठेवलेली आणि वीस वर्षांत कधी उपयोगी न पडलेली पुस्तके अशी सगळी पलटण खाली उतरली, आणि तिच्यामागे भिंतीला टेकून ठेवलेले एक लांबट, चपटे खोके दिसले. वर धूळ होती. चिकटपट्टी मात्र जशीच्या तशी होती.

खोके चिरंजीवांचे. दहावीच्या वर्षी आजीने दिलेले आणि स्वतः साठवलेले पैसे एकत्र करून त्याने ते मागवले होते. ते येण्याआधी महिनाभर चित्रफिती पाहून पाहून त्याने एक शंभरपानी वही भरली होती. दुर्दैव असे की, ज्या दिवशी खोके आले त्याच दिवशी त्याचे सहामाहीचे गुणपत्रकही आले. मी गुणपत्रक पाहिले, वहीसकट खोके उचलले, त्याला आडवी-उभी चिकटपट्टी लावली आणि ते माळ्यावर ठेवून दिले. म्हणालो, "परीक्षा झाली की काढू." 'असल्या विमानाने कोणाचं पोट भरलंय?' असेही मी म्हणालो होतो, असे सौ. सांगते. मला आठवत नाही; पण वाक्याची घडण माझीच वाटते.

परीक्षा झाली. गुण चांगले पडले. डॉक्टर व्हायचे तर अकरावी-बारावी लातुरात काढावी असा आमच्याकडे आता रिवाजच पडला आहे, त्याप्रमाणे जूनमध्ये तो लातूरला वसतिगृहात गेला. या सगळ्या धांदलीत खोके काढायचे मी विसरलो. विसरणे हा माझा धंदाच आहे, त्याचे मला विशेष वाटत नाही. पण त्यानेही ते मागितले नाही. एकदाही नाही.

वसतिगृहात फोन रविवारी तासभर मिळे. "जेवलास?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." "आईकडे देऊ?" "द्या." नाटकातील संवाद या विषयावर मी एम.ए.च्या वर्गाला सबंध सत्रभर शिकवतो. माझ्या घरातला संवाद मात्र या चार ओळींच्या पुढे गेला नव्हता. त्या दिवाळीतही तो चार दिवसांकरिता आला, दोन दिवस झोपला आणि पुस्तके घेऊन परत गेला. खोके माझ्या खोलीत टेबलाखाली होते. मी ते त्याला दाखवले नाही. काय म्हणून दाखवायचे, हे मला ठरवता आले नाही.

तो गेल्यावर आठ-दहा दिवसांनी एका रात्री मी चिकटपट्टी कापली.

आत पांढऱ्या, हलक्या फोमबोर्डाचे कापलेले तुकडे होते. मोटर होती, प्रोपेलर म्हणजे पुढचा पंखा होता, नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन इवल्याशा सर्व्हो मोटरी होत्या, बॅटरी होती आणि तो ट्रान्समीटर. वर ती वही. जुन्या काळी असली विमाने बाल्सा नावाच्या लाकडाची करीत. बाल्सा म्हणजे स्पॅनिश भाषेत तराफा. १९४७ साली थॉर हायरडालने पॅसिफिक महासागर ओलांडला तो 'कोन-टिकी' तराफा याच लाकडाच्या ओंडक्यांचा. हे मला ठाऊक होते. पण विमानाचा कोणता तुकडा कोणत्या तुकड्यात बसतो ते मात्र ठाऊक नव्हते. व्युत्पत्ती सांगता येणे आणि वस्तू करता येणे यांत जे अंतर आहे, ते मी त्या रात्री प्रथम मोजले.

पहिलाच घोटाळा बॅटरीचा निघाला. ती पुरीसारखी फुगली होती. एस.टी. स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचे एक दुकान आहे. त्याचा मालक माझाच जुना विद्यार्थी. मराठीत दोनदा अडकलेला, मागच्या बाकावरचा. त्याने बॅटरी दोन बोटांत धरली आणि तो घाईघाईने दुकानाबाहेर गेला. "सर, ही घरात ठेवू नका. लिथियम पॉलिमरची आहे. पेटली तर विझवता येत नाही." मग त्याने मला बसवून समजावले. हिच्यात तीन सेल असतात, प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि तीनच्या खाली गेला की मेलाच म्हणून समजायचे. म्हणून ठेवायची ती अर्धवट भरून, सेलमागे ३.८ व्होल्टवर. वर्षभर तशीच टाकून दिली की तिची ही दशा होते. तो बॅटरीविषयीच बोलत होता. मी मान डोलवीत होतो आणि मला भलतेच काहीतरी ऐकू येत होते.

नवी बॅटरी आली. त्यानंतर दोन महिने माझ्या संध्याकाळी त्या विमानात गेल्या. चिरंजीवांची वही समोर ठेवायची आणि एकेक पान करायचे. प्रोपेलरवर '१० × ४.५' असे छापलेले असते, त्याचा अर्थ दहा इंच व्यास आणि एका फेऱ्यात, निदान कागदावर तरी, साडेचार इंच पुढे सरकणे, हे मला त्या वहीने शिकवले. पंख दोन्हीकडे किंचित वर उचललेले का ठेवायचे, तर एक पंख खाली गेला की विमान आपोआप सावरावे म्हणून, हेही तिनेच. सर्व्होची गंमत तर काही औरच. ट्रान्समीटरवरची काडी आपण किती ढकलली ते रेडिओलहरींवरून विमानातल्या रिसीव्हरला कळते, आणि तो सर्व्होला सेकंदाला सुमारे पन्नास वेळा सांगत राहतो, 'एवढा वळ, एवढा वळ.' त्याप्रमाणे सर्व्होचा हात वळतो आणि तारेने जोडलेली शेपटीची पाती हलते. ती तार म्हणजे सायकलचा आरा. पन्नास वेळा तेच सांगूनही न कंटाळणारा शिक्षक मी प्रथमच पाहिला.

पंख धडावर बसवायचे ते रबरबँडने. पडझड झाली तर पंख मोडण्याऐवजी सुटावेत हा हेतू. शेवटी तोल पाहायचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंचावन्न मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना खूण करायची आणि त्या खुणांखाली एकेक बोट ठेवून विमान उचलायचे. ते आडवे राहिले पाहिजे. माझे शेपटीवर बसले. शेपटी जड झालेले विमान एकदाच काय ते उडते, असे वहीत लिहिले होते. म्हणून बॅटरी पुढे पुढे सरकवत शेवटी अगदी नाकात नेली. सौ. हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, "तूर निवडतानासुद्धा एवढं लक्ष कधी दिलं नाहीत." वजन तिच्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले.

गोंद वाळेपर्यंत बसून राहावे लागे, तेव्हा मी या विद्येचा इतिहास वाचत असे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत पिळलेल्या रबरावर चालणारे चिमुकले विमान सोडले. ते ११ सेकंद हवेत राहिले. त्याच्याच कल्पनेवरून केलेले एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी घरी आणले. मुलांची नावे विल्बर आणि ऑर्विल राइट. आपल्या विमानवेडाचा उगम त्या खेळण्यात आहे, असे पुढे त्या भावांनीच सांगितले. आणि १९३७ साली वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या अमेरिकन भावांनी रेडिओने चालणारे छोटे विमान उडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण माझे मन पुनःपुन्हा जाई ते राइटबंधूंच्या त्या खेळण्याकडे. बूच, बांबू, कागद आणि रबर एवढेच त्याचे सामान. म्हणजे जवळजवळ आमच्या आकाशकंदिलाचेच. ते खेळणे बापाने आपण होऊन घरी आणले होते. आणि माळ्यावर ठेवले नव्हते.

असो. फेब्रुवारीत विमान तयार झाले. मोबाईलवाल्याने बजावले होते, "पहिलं उड्डाण मी असल्याशिवाय करू नका, सर." पण तो लग्नाला गावी गेला होता, रविवार होता, वारा पडला होता आणि मला धीर नव्हता. बरोबर इतिहासाचे प्राध्यापक आले. एकदा बाहेर जाऊन आल्याशिवाय त्यांना रविवार वाटत नाही. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर सकाळी सात वाजता आम्ही पोचलो. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर देशाच्या आकाशाचा हिरवा, पिवळा, लाल असा सरकारी नकाशा झाला आहे. आमचा माळ हिरव्यात येतो आणि तिथे चारशे फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, एवढी खात्री मी करून घेतली होती. माझे विमान चारशे फूट जाण्याचा धोका तसा नव्हताच.

वहीत सांगितल्याप्रमाणे आधी ट्रान्समीटर चालू केला, मग विमानाची बॅटरी जोडली. विमान जमिनीवर ठेवले, समोर उभा राहिलो आणि एकेक काडी हलवून पाती हलते का ते पाहिले. उजवीकडे काडी, उजवीकडे पाती. छान. इतिहासाच्या प्राध्यापकांनी विमान डोक्यावर धरले, 'हर हर महादेव' म्हणाले आणि फेकले.

ते उडाले! वाचकहो, त्या दोन क्षणांचे वर्णन करण्याची माझी पात्रता नाही. मी चिकटवलेली वस्तू माझ्या हातात नव्हती आणि तरी पडत नव्हती. मग ती जराशी डावीकडे कलली. मी काडी उजवीकडे ढकलली. ती आणखी डावीकडे कलली. मी आणखी उजवीकडे ढकलली. एका बाजूला पूर्ण आडवे होऊन विमानाने एक गिरकी घेतली आणि नाकाने मुरमात शिरले. इतिहासकार घड्याळ लावून उभे होते. "सात सेकंद," ते म्हणाले. "तुमचा पेनो अकरा ना?"

पंखा तुटला होता, मोटर बसवलेली पुढची फळी दुभंगली होती आणि नाकाचा चुरा झाला होता. रबरबँड सुटून पंख मात्र शाबूत राहिले होते. आम्ही सगळे तुकडे पिशवीत भरून घरी आणले. सौ.ने पिशवीत पाहिले आणि काही न बोलता चहा केला. ती बोलली नाही की मला प्रकरणाचे गांभीर्य कळते.

दुपारी लातूरहून फोन आला. नेहमीप्रमाणे मी चार ओळी म्हणून फोन तिच्याकडे दिला आणि वर्तमानपत्र उघडले. ती आत जाऊन बराच वेळ बोलत होती. मग बाहेर आली आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हाला मागतोय."

"बाबा," तो म्हणाला, "उडवायच्या आधी रडर तपासलात?"

"तपासला होता. उजवीकडे काडी, उजवीकडे पाती."

"उभे कुठे होतात?"

मी विचार केला. "समोर. नाकाच्या बाजूला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हसला. मोठ्याने हसला नाही, पण हसला. "मागून बघायचं असतं, बाबा. शेपटीकडून. समोरून डावं-उजवं उलटं दिसतं. तुमचा रडर उलटा होता. तुम्ही जेवढं सावरायला गेलात तेवढं ते पडलं."

मग तो बोलतच राहिला. ट्रान्समीटरमध्ये दिशा उलट करण्याची सोय असते, ती कुठे असते ते सांगितले. तुटलेला पंखा चिकटवून वापरू नका म्हणाला. मोटर सरळ बसवू नका, तिचे तोंड किंचित खाली आणि किंचित उजवीकडे हवे, म्हणाला. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर भराभर टिपून घेत होतो. सव्वीस मिनिटे. लातूरला गेल्यापासून त्या दिवसापर्यंत आम्ही दोघे मिळून एवढे बोललो नव्हतो.

फोन ठेवल्यावर मी वही उघडली. चौतिसाव्या पानावर लाल शाईने अधोरेखित केलेले होते, 'तपासणि नेहमी मागून करणे.' हे पान मी वाचले होते. वाचताना माझे लक्ष 'तपासणि'तल्या ऱ्हस्व वेलांटीकडे गेले होते. समासात मी पेन्सिलीने ती दुरुस्तही केली होती.

त्यानंतर दर रविवारी फोन माझ्याकडे येऊ लागला. मोबाईलवाल्याने पुढची फळी नवी करून दिली आणि माझी शिकवणी सुरू केली. विमान आपल्यापासून दूर जात असताना डावे ते डावे. पण ते आपल्याकडे येऊ लागले की आपले उजवे त्याचे डावे होते, आणि नवशिक्याचे विमान पडते ते बहुधा इथेच. दुकान बंद झाल्यावर तो पुठ्ठ्याचे विमान हातात धरून माझ्याकडे चालत येई, एक पंख खाली करी आणि म्हणे, "विचार करू नका सर. जो पंख खाली, त्या बाजूला काडी. पडणाऱ्याला खालून टेकू द्यायचा." मी चुकलो की तो परत मागे जाई आणि पुन्हा चालत येई. याला मी दोनदा नापास केले होते आणि तिसऱ्यांदा वर ढकलले होते. अशी एक गोष्ट शंभर वेळा न चिडता मी त्याला कधी समजावल्याचे मला आठवेना.

मे महिन्यात चिरंजीव दहा दिवसांकरिता आले. आल्या आल्या विमानाभोवती एक फेरी मारली, नाकावरची पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाले, "जरा ओबडधोबड झालंय." मला ते प्रशस्तिपत्रच वाटले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेच माळावर गेलो. मी ट्रान्समीटर त्याच्यापुढे धरला. विमान त्याचे होते.

"तुम्ही उडवा," तो म्हणाला. "मी फेकतो."

त्याने शेपटीकडे उभे राहून मला सगळे तपासायला लावले आणि विमान सोडले. ते शांतपणे वर गेले. मी त्याला लांब जाऊ दिले, वळवले, आणि आता ते आमच्याकडे येऊ लागले. उगवतीचे ऊन डोळ्यांवर होते. डावा पंख खाली गेला, आणि पुठ्ठ्याच्या विमानाचे सगळे धडे माझ्या डोक्यातून साफ निघून गेले. अंगठे काडीवर नुसतेच थरथरत राहिले. त्याने हात पुढे करून पेटी सहज घेतली असती. घेतली नाही. माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "पडतोय त्याच्याकडे, बाबा." मी काडी त्या बाजूला ढकलली. पंख उचलला गेला.

चार मिनिटे उडवल्यावर मी ते घाणेरीच्या झुडपात उतरवले. मोडले काहीच नाही. मग दुसरी बॅटरी लावून त्याने उडवले. ते माझ्यापेक्षा किती सुरेख उडाले ते लिहीत नाही. बापाने लिहिलेले कोणी खरे मानत नाही.

नंतर ऊन चढेपर्यंत आम्ही माळावरच बसलो. गरम झालेली बॅटरी निवायची होती. तेव्हा त्याने लातूरविषयी, डॉक्टर होण्याविषयी आणि स्वतःला काय करावेसे वाटते त्याविषयी बरेच काही सांगितले. दोन वर्षे ते त्याच्याजवळ तसेच पडून होते. ते त्याचे आहे. या सदरात लिहिण्यासारखे नाही. मध्ये दोनदा मला व्याख्यान सुचले होते. दिले नाही. त्यातले काही पुढे घरात ठरले, काही अजून ठरायचे आहे.

यंदा तो दिवाळीला आठ दिवस येणार आहे. परवा फोन आला तेव्हा पहिले वाक्य होते, "बाबा, बॅटऱ्या आत्ताच भरून ठेवू नका हं. ३.८ वर आहेत ना? मी आलो की भरू."

"आहेत," मी म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर उठून एकेक सेल मोजून पाहिला.